दर वेळी वेगळं उत्तर देणारं सॉफ्टवेअर बरोबर आहे का, हे तपासतात कसं?

कॅल्क्युलेटरवर ७ गुणिले ८ केलं आणि ५६ आलं नाही, तर चूक लगेच कळते. पण साथ किती पसरेल, तिकीट खिडकीवर रांग किती लांबेल, असे अंदाज देणारं सिम्युलेशन सॉफ्टवेअर आतल्या आत फासे टाकत असतं. त्याचं उत्तर दर वेळी थोडं बदलतं, आणि ते बदलायलाच हवं. मग त्यातली चूक पकडायची कशी?

त्याला असा प्रश्न द्यायचा, ज्याचं उत्तर गणिताने आधीच माहीत आहे.

लुडोचा फासा घ्या. सरासरी ३.५ यायला हवी. १०० वेळा टाकून ३.६ आली तर काही बिघडत नाही. पण १०,००० वेळा टाकल्यावर सरासरीत साधारण ०.०१७ एवढाच फरक अपेक्षित असतो. तेव्हाही ३.६ आली, तर फरक जवळपास सहापट झाला. म्हणजे कोडमध्ये गडबड आहे. तिपटीपर्यंतचा फरक सहसा चालवून घेतात. त्यापुढे गेला तर पुन्हा चालवून बघा, पण पास होईपर्यंत चालवत बसणं म्हणजे तपासणी नव्हे!

नुसती सरासरी जुळून भागत नाही. १, ६, १, ६ असंच देणाऱ्या फाशाचीही सरासरी ३.५ च येते. म्हणून आकडे किती विखुरलेत तेही मोजतात. आणि १, २, ३, ४, ५, ६ असं ओळीने देणारा फासा? तो या दोन्ही चाचण्यांत पास होतो. त्याला पकडायला आकड्यांचा क्रम बघावा लागतो.

असा घोळ खरोखर झालाय. १९९२ मध्ये फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी चुंबकाच्या 'आयसिंग मॉडेल'चं सिम्युलेशन चालवलं. त्याच्या सपाट, द्विमितीय रूपाचं अचूक उत्तर गणिताने आधीच माहीत होतं. चांगला समजला जाणारा 'आर२५०' हा रँडम नंबर जनरेटर वापरला, तर एका पद्धतीत उत्तर सतत चुकत होतं. गंमत म्हणजे, कमी दर्जाचा मानला जाणारा साधा जनरेटर तिथे बरा निघाला. दोष 'आर२५०'च्या आकड्यांमधल्या छुप्या संबंधांत होता. अचूक उत्तर हाताशी नसतं, तर त्या चुकीच्या आकड्यांवर कुणाला शंकाही आली नसती.