चाकाचें काजळ

वर्तकनगरांत रविवारची सकाळ उजाडली म्हणजे इमारतींपुढील मोकळ्या जागेंत बादल्यांचा आवाज ऐकूं येऊं लागतो. कोणी मोटार धुतो, कोणी दुचाकी पुसतो, आणि घरांतील लहान मुलें हातांत ओलें फडकें घेऊन आपापल्या परीनें मदत करीत असतात. कांचा झाल्या, पत्रा झाला, कीं शेवटीं पाळी येते ती चाकांची. त्यांवर पोखरण रस्त्याची धूळ आणि चिखल बसलेला असतो. तो धुतला तरी टायर पूर्वीसारखा काळा दिसत नाहीं. त्यावर एक तपकिरी छटा राहतेच. मग कोणी रॉकेल लावतो, कोणी इंजिनाचें जुनें तेल चोळतो, तर कोणी बाजारांतील चकाकी आणणारा द्रव आणून सढळ हातानें ओततो. यांपैकीं योग्य कोणतें, अयोग्य कोणतें, आणि तें कां, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु धांवत्या मोटारींतील चार-पांच माणसांचा भार रस्त्याला टेकतो तो केवळ तळहाताएवढ्या चार जागांवर, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो क्षुल्लक राहत नाहीं.

प्रथम टायर काळा कां असतो तें पाहूं. रबर हें मूळचें काळें नव्हे. रबराच्या झाडाच्या सालीला चीर दिली असतां जो चीक गळतो तो दुधासारखा पांढरा असतो. हीं झाडें केरळांत विपुल आहेत. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्ग तालुक्यांतहि त्यांच्या बागा आहेत. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें व थंडींत कडक पडतें. तें गंधकाबरोबर तापविलें असतां टिकाऊ व लवचिक होतें, हा शोध अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर याला १८३९ सालीं लागला. पुढें १८४५ सालीं स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यानें हवा भरलेल्या धांवेचें पेटंट घेतलें. परंतु ती कल्पना विस्मृतींत गेली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां अशीच धांव पुन्हां तयार केली, आणि तेथून हवेच्या टायरांचें युग सुरू झालें. आपल्या जवळचेंच उदाहरण द्यावयाचें तर इटलींतील तुरीन शहरीं १९२४ सालीं स्थापन झालेल्या सीएट या कंपनीची भारतीय शाखा १९५८ सालीं निघाली व तिचा कारखाना ठाण्याच्या अलीकडे भांडुप येथें उभा राहिला.

परंतु आरंभीचे टायर काळे नव्हते. ते पांढुरके किंवा करड्या रंगाचे असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत रबरांत एक प्रकारची अत्यंत सूक्ष्म काजळी मिसळण्याची रीत रूढ होऊं लागली, तेव्हां टायर काळे झाले. आजच्या टायरच्या वजनाचा सुमारें पाव हिस्सा या काजळीचाच असतो. ती शोभेसाठीं घातलेली नाहीं. तिच्यामुळें रबराची झीज पुष्कळच कमी होते, त्याला बळकटी येते, आणि सूर्यप्रकाशांतील जे अदृश्य किरण रबराचा नाश करतात ते ही काजळी स्वतः शोषून घेते. आपल्याकडे आई बाळाला दृष्ट लागूं नये म्हणून काजळाची तीट लावते. त्या तिटेनें बाळाचें रक्षण होतें कीं नाहीं हा प्रश्न निराळा. टायरचें रक्षण मात्र त्याच्या काजळानें खरोखरच होतें.

आतां दुसरा प्रश्न. टायर मुळांतच काळा आहे तर तो तपकिरी कां पडतो? रबराचा सूर्याखेरीज दुसराहि एक शत्रु आहे. तो म्हणजे ओझोन वायु. वाहनांच्या धुरांतील वायूंवर ऊन पडलें म्हणजे जमिनीलगतच्या हवेंत हा वायु तयार होतो. घोडबंदर रस्ता किंवा पूर्व द्रुतगती महामार्ग यांवरील रहदारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस याहून अधिक सांगणें नको. ओझोनमुळें रबराला बारीक भेगा पडतात. त्या पडूं नयेत म्हणून कारखान्यांत रबरामध्यें मेण व कांहीं रक्षक द्रव्यें मिसळलेलीं असतात. हीं द्रव्यें आंतून हळूहळू पृष्ठभागावर येतात, ओझोनशीं झुंज घेतात, आणि त्या झुंजींत स्वतः खर्ची पडून तपकिरी होतात. अर्थात् टायरवरील ती तांबूस छटा म्हणजे सगळीच घाण नव्हे. रखवालदारानें आपलें काम केल्याची ती खूण होय. टायर फिरत राहिला म्हणजे हीं द्रव्यें पृष्ठभागावर येत राहतात. म्हणूनच महिनोन्महिने एकाच जागीं उभ्या असलेल्या गाडीच्या टायरांना, ते न झिजतांहि, भेगा पडलेल्या दिसतात.

हें समजलें म्हणजे धुण्याची रीत आपोआप ठरते. गाडी सावलींत उभी करावी व टायर थंड होऊं द्यावे. चाकांसाठीं बादली व फडकें वेगळें ठेवावें. कारण चाकांवरील कचकच त्याच फडक्यानें पत्र्यावर गेली तर रंगावर ओरखडे उठतात. प्रथम साध्या पाण्यानें चिखल भिजवून काढावा. मग गाडी धुण्याचा सौम्य साबण पाण्यांत मिसळून नायलॉनच्या ब्रशानें टायरची बाजू गोलाकार घासावी. पहिला फेंस तपकिरी येईल. तो धुऊन पुन्हां एकदां घासावें. फेंस पांढरा दिसूं लागला कीं काम झालें असें समजावें. शेवटीं स्वच्छ पाण्यानें धुऊन कोरड्या फडक्यानें पुसावें. इतक्यानेंच टायर स्वच्छ, सौम्य काळा दिसतो, आणि खरें पाहतां इतकें पुरेसें आहे. हा उद्योग रोज करण्याचेंहि कारण नाहीं. वरचेवर घासल्यानें रक्षक द्रव्यांचा थर निष्कारण निघून जातो.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल आणि इंजिनाचें जुनें तेल हीं मात्र टायरला कधींही लावूं नयेत. या सर्व खनिज तेलांनीं रबर फुगतें व मऊ पडतें. आज काळाभोर दिसणारा टायर त्यामुळें आंतून दुबळा होत जातो. स्नानगृहाच्या फरशा धुण्याचें आम्ल व तारेचा ब्रश हींहि वर्ज्यच समजावीं.

ज्यांस थोडी चकाकी हवीच असेल त्यांनीं खनिज द्रावक नसलेला, पाण्यांत कालविलेला द्रव घ्यावा. तो स्पंजावर थोडासा घेऊन टायरच्या केवळ बाजूस पातळ लावावा, व कांहीं वेळानें उरलेला ओलसरपणा पुसून टाकावा. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर किंवा ब्रेकच्या तबकडीवर त्याचा थेंबहि पडूं देऊं नये; कारण जो पदार्थ टायरला तुळतुळीत करतो तोच त्याला निसरडाहि करतो. दुचाकीच्या टायरला तर हा द्रव मुळींच लावूं नये. वळण घेतांना दुचाकी कलते व टायरची कड रस्त्याला लागते. ती कड बुळबुळीत असेल तर चालक भुईवर आलाच म्हणून समजावें. आपल्या मोठ्या भावाला किंवा काकांना हें सांगण्याचें काम विद्यार्थ्यांनीं अवश्य करावें.

येथपर्यंत टायर काळा कसा राखावा हें झालें. परंतु काळा टायर आणि चांगला टायर या दोन गोष्टी भिन्न आहेत. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबानें २०२४ सालच्या पावसाळ्यांत एक जुनी मोटार विकत घेतली. गणपतीला कोंकणांत गांवीं जाण्याचा बेत होता. मोटारीचे टायर इतके काळे व चकचकीत होते कीं, विकणाऱ्यानें ते दोन वर्षांपूर्वींचे असल्याचें सांगितलें तें वडिलांना सहज पटलें. निघण्यापूर्वींच्या रविवारीं आठवींत शिकणाऱ्या मुलानें गाडी धुवावयास घेतली. साबणाच्या पाण्याबरोबर ती चकाकी वाहून गेली, आणि खालीं उन्हानें तडकलेल्या शेताप्रमाणें बारीक भेगांचें जाळें दिसूं लागलें. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आंकडे त्यानें वाचले: ३४१०. त्यांचा अर्थ २०१० सालचा चौतिसावा आठवडा, हें त्याला ठाऊक होतें. तो धांवत घरांत गेला व म्हणाला, "बाबा, हे टायर तर माझ्याहून वयानें मोठे आहेत!"

वडील प्रथम रागावले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं नाक्यावरील पंक्चरवाल्याला गाडी दाखविली. त्यानें भेगांत नख घालून पाहिलें आणि एवढेंच म्हटलें, "साहेब, या टायरांवर कोंकणांत जाऊं नका." नवे टायर घालावे लागले, त्या वर्षीं सणाचे नवे कपडे कोणालाच झाले नाहींत. परंतु भर पावसांत सर्व मंडळी गांवीं सुखरूप पोंचलीं व सुखरूप परत आलीं. तो चकाकीचा द्रव धुतला गेला नसता तर काय झालें असतें, याची कल्पना करण्याचें धैर्य त्या मुलाच्या आईला अद्यापि होत नाहीं.

म्हणून टायर धुतांना हातांबरोबर डोळ्यांनींहि काम करावें. टायरच्या बाजूवरील चार आंकडे पाहावे. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन सालाचे असतात. कित्येक कारखानदार दहा वर्षांहून जुना टायर, तो झिजला नसला तरी, बदलावा असेंच सांगतात. बाजूला कोठें फुगवटा किंवा भेगा आहेत काय तें बोटांनीं चांचपून पाहावें. नक्षीच्या खांचांची खोली पाहावी. या खांचांचें काम पावसाचें पाणी बाजूस सारण्याचें आहे. त्या उथळ झाल्या म्हणजे भरधांव मोटार रस्त्यावर न चालतां पाण्यावर तरंगूं लागते आणि मग सुकाणू व ब्रेक दोन्हीहि व्यर्थ होतात. आपल्या देशाच्या मोटार वाहन नियमांप्रमाणें मोटारीच्या टायरची ही खोली १.६ मिलिमीटरहून कमी चालत नाहीं. खांचांच्या तळाशीं रबराचे लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली कीं टायर बदलण्याची वेळ झाली असें जाणावें. त्याचप्रमाणें टायर थंड असतांना हवेचा दाब तपासावा, आणि स्टेपनीला विसरूं नये. गरज पडते त्या दिवशींच तिच्यांत हवा नसल्याचें बहुधा कळतें.

एक गोष्ट आणखी. ठाणें हें तलावांचें शहर आहे, आणि वर्तकनगराच्या वरच्या अंगास येऊरच्या पायथ्याशीं उपवनचा तलाव आहे. तेथें कांठावर गाड्या धुण्याचा मोह कोणी धरूं नये. टायरमधील जीं रक्षक द्रव्यें वर सांगितलीं त्यांपैकीं एकापासून बनणारा पदार्थ टायरच्या झिजेबरोबर पावसाच्या पाण्यांतून ओढ्यांत जातो व कोहो जातीच्या सॅमन माशांना मारतो, असें २०२० सालीं अमेरिकेंतील संशोधकांना आढळून आलें. आपल्या तलावांतील मासे निराळ्या जातीचे असतील. पण घरच्या अंगणांत एका बादलींत होणारें काम तलावावर नेण्याचें प्रयोजन काय?

सारांश, टायरला काळेपणा कारखान्यांतूनच मिळालेला असतो. आपण तो बाहेरून आणावयाचा नाहीं, वरची धूळ तेवढी दूर करावयाची. येत्या रविवारीं विद्यार्थ्यांनीं बादली व ब्रश घ्यावा, आणि पालकांनीं शेजारीं उभें राहून ते चार आंकडे आपल्या मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावे. त्यांत घटकाभराहून अधिक वेळ जाणार नाहीं.