यकृताने घडविलेले दुसरे औषध

प्रोकेन हे बधिरतेसाठी वापरले जाणारे जुने द्रव्य हृदयाच्या पृष्ठभागावर लावले असता त्याची प्रक्षुब्धता शमते, हे मॉट्झ या शल्यविशारदाने 1936 साली दाखवून दिले. परंतु रक्तातील विकरे त्याचा पाहता पाहता फडशा पाडीत असल्यामुळे रसायनज्ञांनी त्याच्या रेणूतील एस्टर-बंधाच्या जागी अमाइड-बंध योजण्याची तजवीज केली, आणि 1950 च्या सुमारास प्रोकेनामाइड हे औषध हृदयतालाच्या विकारांवर रुजू झाले.

खरी मौज आहे ती त्याच्या वंशजात. यकृतातील एक विकर या रेणूला अ‍ॅसिटिल गट जोडते आणि एन-अ‍ॅसिटिलप्रोकेनामाइड, संक्षेपाने ‘नापा’, हा पदार्थ सिद्ध होतो. लेकाने बापाचे वळण गिरवावे, तसे मात्र येथे घडत नाही. प्रोकेनामाइड मुख्यतः पेशीत शिरणाऱ्या सोडियमला अडवून विद्युत्-संदेशाची गती मंदावते; नापा सोडियमच्या वाटेला फारसा जात नाही, तर पोटॅशियमच्या बहिर्गमनास अटकाव करून पेशीला पुन्हा सज्ज होण्यास लागणारा काळ लांबवितो. या दुसऱ्या परिणामाचा पृथक् अभ्यास करू पाहणाऱ्या संशोधकांना तो म्हणूनच सोयीचा वाटला.

हे रूपांतर कोणाच्या देहात किती त्वरेने व्हावे, याचा निवाडा आनुवंशिकता करते. क्षयावरील आयसोनियाझिड काहींच्या शरीरात रेंगाळते, त्याचे कारणही हेच विकर. अशा मंदगती प्रकृतीच्या रुग्णांत प्रोकेनामाइडमुळे सांधेदुखी, ज्वर आदी ल्युपससदृश उपद्रव लवकर उद्भवतात. नापाच्या ठायी हा दोष जवळजवळ नाही, आणि त्यामुळेच ‘असेकेनाइड’ या नावाने त्याचीच औषध म्हणून परीक्षा झाली.

तथापि तो निरुपद्रवी नव्हे. प्रोकेनामाइडचे रक्तातील प्रमाण निरोगी माणसात सुमारे तीन तासांत निम्मे होते, नापाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. आणि त्याचे उत्सर्जन मूत्रपिंडांच्याच हवाली असल्याने, ती निकामी झालेल्या रुग्णात तो साचत जातो व ज्या तालभंगाचे निवारण करावयाचे त्याहून भयंकर असा तालभंग ओढवू शकतो. असे असता काही प्रयोगशाळा दोहोंच्या प्रमाणांची बेरीज करून एकच आकडा वैद्यापुढे ठेवीत आल्या, हा रिवाज मला अनाकलनीय वाटतो. भिन्न दरवाजे अडविणाऱ्या दोन द्रव्यांच्या त्या बेरजेवरून रुग्णाच्या हृदयात कोणता दरवाजा बंद झाला आहे, हे वैद्याने ओळखावे तरी कसे?