दारू सुटल्यानंतर

दारू सोडविण्यापेक्षा सुटलेली दारू दूर ठेवणे अधिक कठीण असते. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभे केले, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन'. अशा केंद्रातून उपचार घेऊन माणूस रहिमतपुरास परततो, तेव्हा एस.टी. स्थानकावर जुने सोबती भेटतात, हाती मजुरी पडते आणि घरची माणसे अद्याप त्याचे खिसे तपासत असतात. त्यांचा संशय अन्याय्य म्हणता येत नाही. पण तोही जाचतोच. मुक्तांगणाने पत्नींसाठी 'सहचरी' गट चालविला तो याच जाणिवेने.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी शेअरबाजारातील एका व्यावसायिकास पुन्हा पिण्याची अनावर इच्छा झाली. त्याने दुसरा मद्यपी शोधला, एका शल्यचिकित्सकाशी तासन् तास बोलत बसला आणि त्या बोलण्याने स्वतः सावरला. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' जन्मास आली. तेथे शुल्क नाही. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. संकल्पही केवळ आजच्या दिवसापुरता.

मद्यावरील कराचा हिशेब शासन चोख ठेवते. (या बोलण्याचे मोल मात्र राष्ट्रीय उत्पन्नात कोठेच धरले जात नाही.) दर आठवड्यास रोजगार बुडवून साताऱ्यास जाणे मजुरास परवडणारे नाही. रहिमतपुरातीलच शाळेची एक खोली सायंकाळी तासभर उघडी ठेवण्यास नगरपालिकेस फारसा खर्च येणार नाही. दारूतून बाहेर पडलेले दोघे-तिघे तेथे नेमाने बसले, तरी आरंभास तेवढे पुरे.