बाजरीतलं लोह मुलांच्या रक्तापर्यंत पोचतं का?

पोषणावर संशोधन करायचं मनात असेल तर एक फरक आधीच पक्का करून घ्या. धान्यात लोह असणं वेगळं आणि ते शरीराला मिळणं वेगळं.

जैवसंपृक्त पीक म्हणजे पिठात वरून लोह मिसळणं नव्हे. दाण्यातच लोह आणि जस्त जास्त उतरेल असं वाण निवडायचं. ‘धनशक्ती’ बाजरी हे आपल्याकडचं उदाहरण. आयसीटीपी ८२०३ या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या वाणातूनच निवड करून ते तयार झालं आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. त्यात किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त असतं.

आता अडचण बघा. बाजरीत फायटेटही असतं. ते लोहाला धरून ठेवतं, आतड्यात सहज शोषू देत नाही. म्हणजे दाण्यातलं लोह मोजून काम संपत नाही, मुलांचं रक्त तपासावं लागतं.

तसा प्रयोग महाराष्ट्रात झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निवासी शाळांतली १२ ते १६ वर्षांची २४६ मुलं-मुली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला लोहसमृद्ध बाजरीची भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीची. सुरुवातीला ४१ टक्के मुलांत लोहाची कमतरता होती. चार महिन्यांत पहिल्या गटाचं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची खूण, ठळकपणे सुधारलं. सहा महिन्यांनी, आधी कमतरता असलेल्यांपैकी ती भरून निघण्याची शक्यता या गटात १.६४ पट होती.

मग प्रश्न सुटला का? नाही. मुंबईच्या वस्त्यांमधल्या १२ ते १८ महिन्यांच्या बाळांना अशाच बाजरीचा पूरक आहार नऊ महिने दिला, तेव्हा एकूण गटाच्या लोहस्थितीत ठळक फरक दिसला नाही.

दोन्ही निकाल एकमेकांना खोटं पाडत नाहीत. दिवसाला दोनदा भाकरी खाणारं शाळकरी पोर आणि चार घास खाणारं तान्हं, दोघांच्या पोटात जाणारं लोह सारखं कसं असेल? वय वेगळं, खाणं वेगळं, आजारपणंही वेगळी.

म्हणून प्रस्ताव लिहिताना ‘हे पीक चांगलं आहे का?’ असं विचारू नका. कोणत्या वयाला, रोज किती ग्रॅम, किती महिने आणि रक्तात नेमकं काय मोजणार, हे आधी लिहा. या चार गोष्टी ठरल्याशिवाय आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.