मल्लाची परतवाट

मुळा-मुठेच्या काठावरील मांजरी बुद्रुक हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले, तरी ऊस, द्राक्षे आणि पालेभाज्या यांच्याशी असलेला त्याचा जुना ऋणानुबंध सुटलेला नाही. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि बाजार समितीचा उपबाजार ही तिन्ही याच परिसरात नांदत आहेत. नदी ओलांडून मांजरी खुर्द आणि आव्हाळवाडी मागे टाकली की वाघोली लागते, आणि ही वाघोली म्हणजे २०१७ सालच्या महाराष्ट्र केसरीचा मानकरी अभिजित कटके याचे गाव. त्याच नगर रस्त्याच्या अंगाला फुलगाव आहे, जेथे नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकंदर शेख याने शिवराज राक्षे याला काही सेकंदांतच चितपट करून मानाची गदा खांद्यावर घेतली. ज्या मुलखात कुस्ती ही अशी पावलापावलावर भेटते, तेथे पारावर बसलेल्या जाणत्या मंडळींना एक प्रश्न हमखास पडतो, तो असा की, आखाडा सोडून गेलेला पैलवान पुन्हा आखाड्यात उतरेल काय, आणि उतरला तर टिकेल काय?

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर दूर अमेरिकेत मिळाले, आणि ते देणारा मल्लही शेतकऱ्याच्या घरचाच होता. साउथ डकोटा प्रांतातील वेबस्टर या लहानशा गावी दुधाच्या धंद्यावर जगणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या ब्रॉक लेस्नर याने २००० साली मिनेसोटा विद्यापीठाकडून महाविद्यालयीन कुस्तीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, त्यानंतर तो डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक संस्थेत गेला, आणि कीर्ती शिगेला पोहोचली असतानाच २००४ च्या मार्चमध्ये तेथील वैभवाचा त्याग करून अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाकडे वळला. मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने त्याला चाचणीसाठी घेतले खरे, परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याचे नाव यादीतून कमी झाले. परतावे म्हटले तर जुन्या मालकांशी झालेल्या करारनाम्यात २०१० पर्यंत अन्यत्र झुंजण्यास मज्जाव करणारे कलम होते. त्यावर दावा गुदरला गेला, आणि तडजोडीने तो निकालात निघाला तेव्हा २००६ साल उजाडले होते. आपल्याकडील पैलवानाची बिदागी तोंडी ठरते आणि फडातच चुकती होते. तेथे मात्र मल्लाच्या दंडापेक्षा त्याची सही अधिक बलवान ठरली.

यानंतर लेस्नर मिश्र युद्धकलेच्या, म्हणजे ज्यात ठोसा, लाथ, पकड आणि सांधा पिळणे या सर्वांना मुभा असते अशा खेळाच्या, पिंजऱ्यात शिरला. फेब्रुवारी २००८ मध्ये यूएफसी या संस्थेच्या मंचावर त्याची पहिली झुंज फ्रँक मिर याच्याशी झाली, आणि ही झुंज कुस्तीच्या प्रत्येक अभ्यासकाने सावकाश पाहण्याजोगी आहे. लेस्नरने पहिल्याच झपाट्यात मिरला खाली घेतले आणि त्याच्यावर स्वार होऊन ठोशांचा वर्षाव केला. आपल्या आखाड्यात कुस्ती तेथेच संपली असती, पंचाची शिट्टी वाजली असती आणि हलगीवाल्याने ताल बदलला असता. तेथे मात्र पाठीवर पडलेल्या मिरने वरच्या मल्लाचा पाय बगलेत धरला, गुडघा उलट दिशेने ताणला, आणि दीड मिनिटात त्या महाकाय माणसाला हार कबूल करावी लागली. वर्ष संपण्यापूर्वीच लेस्नर रँडी कुटुर याला हरवून त्या संस्थेचा हेवीवेट विजेता झाला. पुढे आतड्याच्या विकाराने त्याला गाठले, २०११ च्या अखेरीस अ‍ॅलिस्टर ओव्हरीम याच्याकडून पराभव झाल्यावर त्याने त्या खेळातून निवृत्ती जाहीर केली, आणि तीन-साडेतीन महिन्यांतच, एप्रिल २०१२ मध्ये, तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या मंचावर परतला. दोन वर्षांनी त्याने अंडरटेकर या मल्लाची वार्षिक महासोहळ्यातील एकवीस विजयांची अखंड मालिका खंडित केली.

परंतु लेस्नर परतला तो ज्या मंचावर, तेथे निकाल आधी ठरलेला असतो. अशा ठिकाणी प्रेक्षकांच्या स्मृतीत नाव जागे असले की पुनरागमनाचा निम्मा मार्ग सरतो. खऱ्या कुस्तीकडे परतणे ही सर्वस्वी निराळी बाब आहे, आणि तिच्यासाठी आपल्या देशातील एका मुलीचे उदाहरण अधिक उद्बोधक वाटते.

हरियाणातील बलाली गावचे महावीर फोगाट यांची कन्या रितू फोगाट हिने २०१७ साली तेवीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ४८ किलो गटात रौप्यपदक मिळविले, आणि ज्या वयात मल्लाचे उत्तम दिवस सुरू होतात त्याच वयात, २०१९ साली, ती कुस्ती सोडून सिंगापूरला मिश्र युद्धकला शिकण्यासाठी गेली. डिसेंबर २०२१ मध्ये ती मोठ्या स्पर्धेच्या अंतिम झुंजीपर्यंत पोहोचली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स होती. रितूने आपल्या हातखंड्याप्रमाणे पट काढून तिला खाली घेतले. पण खाली गेलेल्या स्टॅम्पने दोन्ही पायांच्या कैचीत रितूची मान आणि खांदा अडकविला, तोच हात कोपरापाशी उलटा ताणला, आणि दुसऱ्या फेरीत झुंज संपली. लेस्नरच्या बाबतीत पाय गेला, रितूच्या बाबतीत हात गेला. दोघेही वर असताना हरले. मातृत्वानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत ती कतारमध्ये पुन्हा त्याच खेळात उतरली आणि जपानच्या अयाका मिउरा हिच्याकडून पराभूत झाली. तेव्हापासून, ती कुस्तीत परतेल काय, हा प्रश्न माझ्या मनात वारंवार येतो, आणि ती परतावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या परतीतील खरी अडचण वयाची नाही, वजनाचीही नाही. ज्या गटात ती पिंजऱ्यात झुंजते त्याची मर्यादा सुमारे ५२ किलो आहे, आणि ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ५० व ५३ किलोचे गट आहेतच. अडचण आहे ती पाठीची. तालमीत पाऊल टाकलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवितो, ती म्हणजे पाठीला माती लागू द्यायची नाही. जोर, बैठका, सपाट्या, मानेचा पूल, खाली पडता पडता अंग चोरून पोटावर वळणे, या साऱ्या मेहनतीचा मथितार्थ तोच. ताक, हळद, तेल आणि लिंबू घालून मऊ केलेल्या हौद्यातील लाल मातीत वर्षानुवर्षे लोळल्यावर हा धडा विचारात राहत नाही, तो अंगात उतरतो. गादीवरील कुस्तीतही नियम तोच आहे: प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीकडे वळविली की दोन गुण, आणि दोन्ही खांदे टेकले की सर्व हिशेब समाप्त. मिश्र युद्धकलेत मात्र पाठीवर पडून लढण्याची विद्याच शिकावी लागते. सहा-सात वर्षे त्या विद्येचा सराव केलेल्या अंगाला परत येऊन पाठीची जुनी भीती नव्याने शिकणे भाग आहे. घाईच्या क्षणी अंगाने कोणत्या सवयीला साद द्यायची, यावरच तिची पहिली कुस्ती ठरेल.

त्याखेरीज कायदेकानूंचा भाग आहेच. उत्तेजक-चाचणीच्या नोंदवहीत असताना निवृत्ती जाहीर केलेल्या खेळाडूला स्पर्धेत परतायचे असेल तर सहा महिने आधी लेखी कळवून त्या मुदतीत चाचण्यांसाठी हजर राहावे लागते. नोंदवही पुरी झाली तरी देह साथ देईलच असे नाही. अमेरिकेचा कर्ट अँगल याने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० किलो गटाचे सुवर्ण मिळविले, पुढे अनेक वर्षे व्यावसायिक मंच गाजविला, आणि चाळिशी उलटल्यावर २०१२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत उतरण्याचा मनसुबा बोलून दाखविला. परंतु गुडघ्याने दगा दिला आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्याने प्रयत्न केला याबद्दल मला आदरच वाटतो.

आपल्याकडील जत्रेचा आखाडा या दृष्टीने अधिक उदार आहे, आणि त्याचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही. पोलीस भरतीत गेलेला, कबड्डीच्या संघात रमलेला किंवा शेतीच्या व्यापात अडकलेला पैलवान चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी लांग कसून मैदानात आला, तर पंच त्याचे अंग आणि उमेद पाहून त्याला तोलामोलाची जोड लावून देतात. दुपारी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरू झालेला फड सांजेला हजारो रुपयांच्या इनामापर्यंत चढत जातो, आणि या चढणीत परतलेल्या माणसाला आपली पायरी सापडते. हरला तरी नारळ आणि फेटा मिळतो, आणि पुढल्या आठवड्यात शेजारच्या गावची यात्रा असतेच. स्त्रियांना मात्र ही पायरी फार उशिरा मिळाली: महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. आता गावोगावच्या यात्रा समित्यांनी मुलींच्या कुस्त्याही मुलांच्या बरोबरीच्या इनामाने लावल्या, तर बलालीच्या रितूला काय, आपल्याच हवेली तालुक्यातील लग्नानंतर तालीम सुटलेल्या एखाद्या मुलीलाही, दिल्लीच्या निवड चाचणीपूर्वी चार-दोन खऱ्या कुस्त्या खेळून पाठ आणि दम दोन्ही आजमावता येतील.