ठिणगी वेळेवर विझायला हवी

आमच्या शाळेतल्या दहावीच्या एका मुलाला विज्ञान प्रदर्शनासाठी टेस्ला कॉइल करायची होती. बोहरी आळीतून नट-बोल्ट, तपकीर गल्लीतून तांब्याची तार, जुन्या बाजारातून टेबल ग्राइंडरची मोटर असं सामान त्याने मोठ्या शौकाने जमवलं. मग वही घेऊन आला, "टीचर, यात फिरती चकती कशाला लागते?"

निकोला टेस्ला यांनी 1891 मध्ये ही कॉइल तयार केली. उच्च दाबाची वीज आधी कपॅसिटरमध्ये साठते. धातूच्या दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पडली, की ती जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांतून धावते आणि शेजारच्या बारीक तारेच्या शेकडो वेढ्यांवर प्रचंड दाब चढतो. मात्र ठिणगी वेळेवर विझली नाही, तर वर गेलेली शक्ती परत खाली येते. म्हणून चकतीत आरपार सळया बसवून त्या दोन स्थिर टोकांमधून फिरवतात. सळई समोर आली की ठिणगी, पुढे सरकली की बंद. 1912 मध्ये टायटॅनिकची मदतीची हाक अशाच फिरत्या ठिणगीतून गेली होती.

हिशेब सोपा आहे. आपल्या घरच्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं, म्हणजे दाब 100 वेळा शिखरावर. मोटर मिनिटाला बरोबर 3000 फेरे फिरली आणि चकतीत दोन सळया असल्या, तर सेकंदाला 100 ठिणग्या, प्रत्येक शिखराला एक. ग्राइंडरची मोटर थोडी मागे पडते, त्यामुळे ठिणगीची वेळ चुकत जाते. शिवाय 20 सेंटीमीटरच्या चकतीची कड ताशी 113 किलोमीटर वेगाने धावते. एखादी सळई निसटली तर?

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर'. माझ्या अंगावर काटा आला. त्यातून सुमारे 2000 व्होल्ट येतात, आणि जागच्या जागी जीव घेण्याइतका प्रवाह. बटण बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राहू शकतो.

मी नाही म्हटलं. तो रुसला. मग आम्ही पुठ्ठ्याची चकती, खेळण्यातली मोटर, दोन सेल आणि एक एलईडी घेतला. टोकं जुळली की दिवा लागायचा, सरली की विझायचा. प्रदर्शनात मुलं चकती हाताने हळू फिरवून लुकलुक मोजत होती.

ट्रान्सफॉर्मर त्याच्या अब्बांनी भंगारात दिला. पालकहो, मुलांचा शौक मोडू नका, फक्त एवढं विचारा, "बाळा, वीज कुठून घेणार आहेस?"