सेल्फ गेला, तर खर्च किती?

गाडीची चावी फिरवली की आधी घर्र असा आवाज होतो. मग इंजिन सुरू होते. तो पहिला आवाज इंजिनाचा नव्हे. तो एका लहान विजेच्या मोटरीचा असतो. तिचे नाव स्टार्टर मोटर. पण शहापूर, किन्हवली, मुरबाड, कुठल्याही गॅरेजवर जा, तिला सेल्फच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

पूर्वी मोटारीला सेल्फ नव्हता. पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. हँडल उलटे बसले तर माणसाचा हात मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या गृहस्थाने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला तो बसला. पुढे साऱ्या जगात पसरला. जुन्या जीपला सेल्फ असला तरी हँडलची सोय असे. सेल्फ बसला की लोक हँडल काढीत. आता हँडल गेले. म्हणून सेल्फ रुसला की गाडी जागची हलत नाही.

आता आपल्या भागातले बघा. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. तोडलेली भेंडी पहाटे कल्याणच्या बाजारात पोचली तर भाव. दुपारी पोचली तर पडेल तो भाव. पहाटे तीनला चावी फिरवली आणि गाडी गप्प, तर त्या शेतकऱ्याने काय करावे? घाबरून तो म्हणतो, "काय पैसे लागतील ते लागू दे, नवा सेल्फ टाक." इथेच पैसा जातो. कारण गाडी गप्प झाली म्हणजे सेल्फच गेला, असे नाही.

सेल्फ काम कसे करतो, ते समजून घ्या. चावी फिरवली की आधी सोलेनॉइड नावाचा स्विच ओढला जातो. तो टक् असा वाजतो. तो सेल्फचे लहान दातेरी चाक पुढे ढकलतो. इंजिनाला एक मोठे दातेरी चाक असते. लहान चाकाला नऊ-दहा दाते, मोठ्याला शंभराच्या वर. लहान चाक मोठ्यात अडकते, त्याला फिरवते, आणि इंजिन सुरू झाले की मागे येते. हे सगळे दोन-चार सेकंदांत होते. पण तेवढ्यात सेल्फ बॅटरीकडून भरपूर वीज ओढतो. पुढचा एक मोठा दिवा साधारण ५ अँपिअर वीज घेतो. सेल्फला शंभराच्या वर लागते. म्हणून बॅटरी थोडी जरी उतरली, तरी दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही. लोक म्हणतात, "हॉर्न तर वाजतोय, म्हणजे बॅटरी चांगली." हे खरे नाही.

तेव्हा आधी दिवे लावा आणि मग चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी पाहा. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते का? चाव्या ढिल्या आहेत का? इंजिनाला जोडलेली अर्थिंगची वायर गंजली का? पावसाळ्यात आपल्याकडे हे हटकून होते. गरम पाणी आणि ब्रश एवढ्यावर काम भागते. मीटर असेल तर मोजा. पूर्ण भरलेली, थोडा वेळ शांत राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल, तर ती उतरली आहे.

दिवे लख्ख, पण नुसते टक् वाजते, तर सोलेनॉइड किंवा आतले कार्बन झिजले असतील. सेल्फ भुर्र फिरतो पण इंजिन फिरत नाही, तर लहान चाक अडकत नाही. त्या भागाला मेस्त्री लोक बेंडिक्स म्हणतात. टक् सुद्धा होत नसेल, तर आधी फ्यूज, रिले आणि चावीचा स्विच पाहावा. एवढे मेस्त्रीला सांगता आले, की तोही तुमच्याशी जपून बोलतो.

आता हिशेब. खालचे आकडे गणित समजावे म्हणून घेतले आहेत. तुमच्या गाडीचा भाव दुकानात विचारा, तोही दोन ठिकाणी.

समजा, नवा सेल्फ ५,५०० रुपये. मजुरी ६०० रुपये. जुना सेल्फ दुकानदाराला दिला तर ५०० रुपये वजा. म्हणजे ५,६०० रुपये. आता दुरुस्ती. कार्बन ३०० रुपये, बुश १५० रुपये, काढून-घालून मजुरी ७०० रुपये. म्हणजे १,१५० रुपये. पण दुरुस्तीला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत भाड्याच्या टेम्पोला १,६०० रुपये गेले, तर दुरुस्ती पडली २,७५० रुपयांना. हे भाडे लोक हिशेबात धरतच नाहीत.

तरीही दुरुस्ती स्वस्तच. मात्र सेल्फच्या आतली तांब्याची गुंडाळी जळली असेल, जळका वास येत असेल, तर दुरुस्तीच्या मागे लागू नये, असे माझे मत. पुन्हा काढणे, पुन्हा मजुरी, पुन्हा टेम्पो. मुंबईत कुर्ल्याला जुने भाग मिळतात, तेही स्वस्त. पण ते घ्यायचे तर समोर बॅटरी लावून फिरवून घ्यावेत.

आणखी एक बाब. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि पुढे दर पाच वर्षांनी. ती वेळ जवळ आली असेल, तर गाडी ठेवायची की विकायची हे आधी घरात ठरवा. मगच नवा सेल्फ घ्या.

सेल्फ गेला की बरेच जण गाडी उतारावर लावून ठेवतात. आपल्या तालुक्यांत उताराला तोटा नाही. एखाद्या दिवशी ते चालेल. पण स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फची टोके जोडून गाडी चालू करू नये. गाडी गियरमध्ये असली तर ती जोडणाऱ्याच्याच अंगावर येते. आणि चावी एका वेळी दहा सेकंदांहून जास्त धरू नका. मधे अर्धा मिनिट थांबा, नाहीतर चांगला सेल्फही तापून जळतो.

काम झाले की पावती मागा. वॉरंटी किती महिन्यांची, ते पावतीवर लिहून घ्या. बदललेला भाग डोळ्यांनी पाहा. मग गाडी तासभर चालवून आणा, बंद करा आणि इंजिन गरम असताना पुन्हा चावी फिरवा. थंड असताना चालणारा सेल्फ गरम झाल्यावर अडतो, तो तेव्हाच कळतो, आणि मेस्त्री अजून समोर असतो.